खापर कोणावर फोडायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हवामान बदल आणि पिकांवरचे रोग यांवरच्या माझ्या लेखावर ‘रोग पूर्वीही होते. युरिया बेसुमार टाकायचा, पीक कोंदट करून ठेवायचं आणि खापर हवामान बदलावर फोडायचं’, असं तुम्ही लिहिलंय. यातलं युरियाचं म्हणणं बिनशर्त मान्य. शिवाय लेखातलं माझं ‘तापमान वाढलं की रोग वाढतात’ हे वाक्य नुसतं ढोबळ नाही, चूकच आहे. बटाट्याचा उशिरा येणारा करपा थंड, ओलसर हवेत फोफावतो. कोरड्या कडक उन्हात थबकतो. हरभऱ्याची कोरडी मूळकूज मात्र ३० अंशांच्या वर, जमिनीतली ओल आटली की बळावते.

पण ‘हवामान की शेतकरी’ हा वादच मला पटत नाही. हवामान केंद्रातला पारा कितीही असो, करप्यासारख्या रोगाला लागतं ते ओलं पान, आणि तेही काही तास सलग. (पानावर पांढरी भुकटी दिसते त्या भुरी रोगाचं वेगळं. तिला पानावर पाणी लागतच नाही.) पाऊस, दव, धुकं आभाळातून येतं, पण ती ओल किती वेळ टिकणार हे बरंचसं शेतात ठरतं. युरियातलं नत्र जादा झालं की पाला लुसलुशीत आणि गच्च होतो, आत वारा खेळत नाही. त्यात संध्याकाळी तुषार सिंचन सुरू केलं, तर दव पडायच्या आधीच पानं भिजलेली असतात.

ओल टिकण्याचे हे जादा दोन-चार तास किरकोळ नाहीत. ब्रिटनमध्ये बटाट्याच्या करप्याच्या इशाऱ्यासाठी पूर्वी स्मिथ निकष वापरत: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली नको आणि दररोज निदान ११ तास ९० टक्के आर्द्रता हवी. २०१७ पासूनच्या हटन निकषात ते ११ तास ६ वर आलेत.

‘पूर्वीही होते’ म्हणता, तर १९७० चा अमेरिकेतला मका बघा. बहुतांश क्षेत्रावर एकाच ‘टेक्सास’ पेशीद्रव्याचं (पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या भागाचं) संकरित बियाणं होतं. त्यावरच तुटून पडणारी करप्याच्या बुरशीची नवी जात आली, हंगामही उबदार आणि ओला निघाला, आणि सुमारे १५ टक्के पीक गेलं. एकसारखं बियाणं माणसाने निवडलं होतं, पाऊस नाही. यातला दोष तुम्ही कसा वाटणार?

तापमानाचं ते वाक्य आजच दुरुस्त करतो. लेखाच्या शीर्षकातला हवामान बदल मात्र काढत नाही.