लकव्याचा सुईवाला मेसेज: खुलासा

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरतोय, की लकवा मारला तर पेशंटला हलवू नका, दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, तोंड सरळ होतं. हे चुकीचंय भाऊ.

बिघाड बोटात नसतोच, मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते नाहीतर फुटते, आणि मेंदूची डावी बाजू उजवं अंग हलवते म्हणून डावीकडे अडलं की उजवा हात लुळा. १९३०च्या दशकात माँट्रियलला पेनफिल्ड नावाच्या सर्जनने जाग्या पेशंटच्या मेंदूला हलका करंट देऊन याचा नकाशाच काढला, त्यात हात अन् चेहरा शेजारी-शेजारी (आणि जागाही भरपूर, पाठीला आपली जराशीच), म्हणून तर तोंड अन् हात बरेचदा सोबतच जातात.

बोटातून रक्त काढून ती गुठळी निघत नाही, वेळ तेवढा जातो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन बघून, आणि तापीपलीकडून जळगाव गाठायचं म्हणजे त्यातला किती वेळ रस्त्यातच जातो बघा.

तोंड वाकडं, हात उचलत नाही, जीभ जड, यातलं एकजरी दिसलं तरी लगेच १०८ लावा, थोड्या वेळाने बरं वाटलं तरी जायचंच. तो मेसेज पुढे ढकलू नका प्लीज, कोणी टाकला असेल तर त्याखाली हे टाका.