परवाना आपोआप हस्तांतरित होत नाही

'बहुतेक राज्यांमध्ये परस्पर मान्यतेचा करार असल्यामुळे शिक्षकाचा परवाना नव्या राज्यात सहज हस्तांतरित होतो' हे अमेरिकेतील शिक्षकांच्या परवान्यांवरील लेखातील विधान वाचून कोणी घर बदलण्याची तारीख ठरवू नये, म्हणून हे लिहीत आहे. 'नॅसडटेक' (राज्यांच्या शिक्षक प्रमाणन अधिकाऱ्यांची संघटना) हिचा आंतरराज्य करार म्हणजे प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे दिलेल्या निवेदनांचा संच आहे. आपण कोणाचे प्रमाणपत्र कोणत्या अटींवर स्वीकारू, एवढेच त्यात प्रत्येक राज्य सांगते, त्यामुळे 'अ' राज्याने 'ब'चा परवाना मानला तरी 'ब' राज्य 'अ'चा मानेलच असे नाही.

न्यू जर्सीहून टेक्सासला आल्यावर मला एक वर्षाचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले, बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागले आणि राज्याच्या परीक्षांतून सूट मिळते का, याची छाननी वेगळी झाली. त्यातही माझी बी.एड.ची गुणपत्रिका पुण्याची आणि माहेरच्या आडनावाची. विवाहाचा दाखला जोडला नाही एवढ्याच कारणाने अर्ज परत आला आणि शाळा सुरू झाली तेव्हा मी वर्गात नव्हते, याचे दुःख आजही आहे. किमान दहा राज्यांनी कायदा केल्यावर 2023 मध्ये अस्तित्वात आलेल्या शिक्षक स्थलांतर कराराचा लेखात उल्लेखही नाही, ही मोठी उणीव आहे. सदस्य राज्यांमध्ये समकक्ष परवाना देण्याची तरतूद त्यातच आहे, मात्र तिथेही पार्श्वभूमी तपासणी टळत नाही.