कानाला खाच असलेलं कुत्रं परत गल्लीत का येतं?

जखमी, बेवारस प्राण्यांना ठेवणाऱ्या प्राणी निवाऱ्यांवरचा तुमचा लेख आवडला. पण 'भटकी कुत्री उचलून निवाऱ्यातच का ठेवत नाहीत' हा प्रश्न अर्धवट राहिलाय. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं साधारणपणे जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. कानाला खाच दिसली की समजायचं, याची नसबंदी झालीय. त्याला हुसकावलं तर मोकळ्या जागी दुसरं, बिनलशीचं येऊ शकतं.

मग निवाऱ्यातली जागा कुणासाठी? गाडीखाली सापडलेली, जखमेत किडे पडलेली, आईविना पिल्लं. आणि हौस फिटल्यावर आपल्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाकडं सोडून दिलेली जातिवंत कुत्री! सोडणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. घरात वाढलेल्या लॅब्रॅडॉरला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, गल्लीतली कुत्रीही त्याला टिकू देत नाहीत. असं एक कुत्रं आलं की जखमी कुत्र्याची जागा अडते.

कोल्हापूरकरांनो, पैसे जमत नसतील तर जुन्या चादरी, रद्दी तरी नेऊन द्या, पिंजऱ्यात रोज लागते. आणि कुत्रं पाळायचंच असेल तर विकत घेण्याआधी निवाऱ्यातली गावठी पिल्लं बघून या.