जंतूंना वळण लावणारा श्लेष्म

एखादी गोष्ट अगदी सोपी असेल तर ‘शेंबडे पोरही सांगेल’ असे आपण सहज म्हणतो. नाकातला शेंबूड आणि खोकल्यातला कफ यांपलीकडे श्लेष्माशी आपली ओळख नसते आणि जी असते तिच्यात किळसच अधिक. अशा पदार्थाच्या अभ्यासाला शास्त्रज्ञ काथारिना रिबेक यांनी आपली कारकीर्द वाहिली, याबद्दल मला त्यांच्याविषयी अतिशय आदर वाटतो.

त्यांची सुरुवात श्लेष्मापासून झाली नव्हती. जर्मनीत डिर्क गोर्लिख यांच्याबरोबर त्या पेशीकेंद्रकाच्या आवरणातील छिद्रांवर काम करत होत्या. या छिद्रांतून लहान रेणू आपोआप ये-जा करतात, मोठ्या रेणूंना मात्र वाहक प्रथिनांची सोबत लागते. छिद्रात प्रथिनांच्या धाग्यांची एक जाळी असावी आणि तीच ही निवड करत असावी, असा विचार या दोघांनी २००१ साली मांडला. पाणीदार जाळी कोणाला वाट देते आणि कोणाला अडवते, हा तो प्रश्न. पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभारल्यावर त्यांनी तोच प्रश्न श्लेष्माला विचारला. विषय बदलला असे वरवर दिसते, पण माझ्या मते प्रश्न सोडला नाही हेच त्यांच्या कारकिर्दीचे खरे बळ आहे.

श्लेष्मात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्याला चिकटपणा येतो तो म्युसिन नावाच्या लांबलचक प्रथिनांमुळे, ज्यांच्या कण्यावर, बाटली धुण्याच्या ब्रशाला केस असावेत तशा, शर्करेच्या असंख्य साखळ्या दाटीने उगवलेल्या असतात. बाजारात मिळणारे तयार म्युसिन शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत इतके बिघडलेले असते की त्याची नैसर्गिक जाळी पुन्हा धरत नाही. म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या जठरातून म्युसिन स्वतःच, जपून वेगळे केले जाते. हे काम वेळखाऊ आणि कष्टाचे आहे, आणि शोधाच्या बातमीत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. मला मात्र तेच फार मोलाचे वाटते, कारण मोडलेल्या म्युसिनवर प्रयोग केले असते तर पुढचे काहीच नीट कळले नसते.

पुढे जे कळले ते असे. श्लेष्म म्हणजे जंतूंना अडकवून बाहेर टाकणारा चिकट सापळा, एवढेच आपण शाळेत शिकलो. ते चुकीचे नाही, पण फारच अपुरे आहे. कॅन्डिडा ही बुरशी पेशीत घुसण्यासाठी लांब तंतूंचे रूप घेते. म्युसिनच्या सहवासात ती हे रूप घेण्याचे टाळते, असे या गटाने २०१४ साली दाखवले. स्यूडोमोनास या जिवाणूबाबत २०१९ साली आढळले की म्युसिनवरच्या शर्करासाखळ्या त्याच्यापर्यंत एक संकेत पोहोचवतात आणि त्याची हल्ल्याला लागणारी जनुके मंदावतात. यात जिवाणू मरत नाही, जगतो, पण उपद्रव कमी करतो.

आपण गेली कित्येक दशके जंतूंना मारण्याचीच भाषा बोलत आलो, आणि जे मेले नाहीत त्यांनी प्रतिजैविकांना दाद देणे सोडले. शरीर मात्र कोट्यवधी जंतूंना घरात ठेवून घेऊन त्यांना वळण लावते. या शर्करासाखळ्या कृत्रिमरीत्या घडवून औषध म्हणून वापरता येतील का, या दिशेने होणाऱ्या संशोधनाला भरघोस पाठबळ मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे. जंतूला मारायचेच नसेल, तर प्रतिकारशक्ती कमावण्याचा त्याच्यावरचा दबावही कमी राहील, ही आशा निराधार नाही.

रिबेक यांच्या कामातला एक भाग मला विशेष जवळचा वाटतो. गर्भारपणात गर्भाशयाच्या मुखाशी श्लेष्माचे एक घट्ट बूच तयार होते आणि ते खालून येणाऱ्या जंतूंना बाळापर्यंत पोहोचू देत नाही. अकाली प्रसूतीचा धोका अधिक असलेल्या स्त्रियांमध्ये हा श्लेष्म सूक्ष्म कणांना अधिक सहज वाट देतो, असे त्यांच्या गटाला दिसून आले. कोणाला वाट द्यायची आणि कोणाला अडवायचे, हा केंद्रकाच्या छिद्राशी पडलेला प्रश्न इथे एका न जन्मलेल्या बाळाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे.