‘एकूण वजन बसलं की झालं’? मग गाडी उलाळ का होते?

गावचा, नातेवाइकांचा आणि केळीभावाचा, माझ्या तिन्ही ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय: जळगावहून विमानात बॅगेचा एकेक किलो मोजतात, शंभर किलोच्या माणसाला मात्र काट्यावर चढवत नाहीत, म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा. एकूण वजन बसलं की सामान कुठेही टाका, जाळ्या-पट्टे दिखाव्याला असतात. आणि पॉवर बँक खालच्या बॅगेत टाकून मोकळे व्हा.

जादा किलोचे पैसे हा धंदा आहे, मान्य. बाकीचं चूक.

‘कुठेही टाका’ म्हणणाऱ्यानं कधी बैलगाडी भरलेली दिसत नाही. मक्याची पोती मागे जास्त पडली की गाडी उलाळ होते, जू वर जातं, बैलांचे गळे आवळतात. पोती तेवढीच, वजन तेवढंच! रस्त्यात उतरून दोन पोती पुढे ओढता येतात. विमानात ती सोय नाही. जळगावला येणाऱ्या एटीआर ७२ मध्ये सामानाचा एक कप्पा वैमानिकांच्या पाठीशी, दुसरा शेपटीकडे, आणि माणसं चढतात मागच्या दारानं. चढताना जरा वाकून बघा, शेपटाखाली एक दांडा टेकवलेला असतो. सगळा भार मागे आला तर विमान बुडावर बसू नये म्हणून. आकाशात टेकू कुठून लावणार? म्हणून कुठल्या कप्प्यात किती किलो आणि कुठे किती माणसं, हे लोड अँड ट्रिम शीटवर मांडून कॅप्टनला देतात. अर्धं विमान रिकामं असतानाही ‘जागा बदलू नका’ म्हणतात ते यासाठी.

माणसांचं वजनही धरतात, फक्त सरासरीनं. ती सरासरी किती फसवते, ते ८ जानेवारी २००३ला अमेरिकेत शार्लटला दिसलं. १९ आसनी बीचक्राफ्ट उडताच नाक वर करून कोसळलं, २१ जण गेले. नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीची, म्हणजे एलिव्हेटरची केबल दुरुस्तीत चुकीची बसवली होती, हे खरं. पण विमान मागे जडही होतं, आणि कागदावर मात्र भार बरोबर बसलेला. नंतर तिथली सरासरी वजनं वाढवावी लागली.

जाळ्या-पट्ट्यांचं थोडक्यात: २९ एप्रिल २०१३, अफगाणिस्तानातलं बग्राम. मालवाहू बोइंग ७४७ विमानातली चिलखती गाडी पट्टे तोडून मागे गेली, शेपटीची यंत्रणा मोडली, सातही कर्मचारी ठार.

पॉवर बँकेचा सल्ला सगळ्यात घातक. खालच्या कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण एकदा तापत सुटलेला लिथियम सेल त्याला जुमानत नाही. वर केबिनमध्ये निदान कोणाला तरी धूर दिसतो, पाणी ओतता येतं. खालच्या कप्प्यातली आग काय करते, ते बघा: १९९६ मध्ये मायामीहून निघालेल्या डीसी-९ विमानाच्या पोटात ऑक्सिजन जनरेटर, म्हणजे प्राणवायू तयार करणारी नळकांडी, पेटले. ११० माणसं गेली.

आणि हो, काळ्या मसाल्यासाठी पोरांकडे सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेणाऱ्या मावश्यांनो, काउंटरवर वाद घालू नका. तेलकट खोबरं आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. खोबरं तिकडेच घ्या.