तुट्टी

मार्च संपत आला की आमच्या दहावीच्या ग्रुपवर दोन मेसेज न चुकता येतात. पहिला हापूसच्या पेटीच्या दराचा. दुसरा बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवणाऱ्या आमच्या मित्राचा: 'आलं बघा सर्क्युलर. परत व्हीडीए वाढला.' व्हीडीए म्हणजे किमान वेतनातला, महागाईप्रमाणं बदलणारा भत्ता. यंदा त्यानं खाली एक परिच्छेदही जोडला. 'मी माणसं घरच्यासारखी सांभाळतो. दिवाळीला देतो, पोरीच्या लग्नाला उचल देतो, दवाखान्याला कधी नाही म्हटलं नाही. मग बेंगळुरूत बसलेल्या साहेबानं माझ्या हेल्परला किती द्यायचं हे ठरवायचं कशाला? एवढंच असेल तर मशीन उचलतो आणि जातो सीमेपलीकडं शिनोळीला.' खाली अकरा अंगठे आणि एक 'जय महाराष्ट्र'.

त्या 'जय महाराष्ट्र'नं माझं डोकं फिरलं. मी तेव्हा इथं बेल्जियममध्ये, कोलरॉयट सुपरमार्केटच्या रांगेत उभा होतो. पुढच्या आजीबाई सगळी कूपनं एकेक करून काढत होत्या, त्यामुळं अंगठे कुणाकुणाचे ते नीट बघायला वेळ मिळाला. पहिला अंगठा हायस्कुलातल्या मास्तरांचा. त्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. दुसरा बँकेतल्याचा. त्याचा दर तीन महिन्यांनी बदलतो. तो वाढला की ग्रुपवर कुणी 'सरकारला काय कळतंय' म्हणत नाही, उलट पेढ्यांचे फोटो येतात. महागाई भत्ता म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी नोकर येतो आणि तो त्याचा हक्क वाटतो. तोच कास्टिंग घासणाऱ्या फेटलिंगवाल्याला मिळाला की धंद्यावर संकट.

खरं तर हे काही आजचं खूळ नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच मूळ दर आणि राहणीमानाच्या खर्चाप्रमाणं हलणारा भत्ता, अशी जोडी होती. कर्नाटकात बऱ्याच धंद्यांत महागाई निर्देशांकाच्या एका पॉइंटला दिवसाला चार पैसे, असा हिशेब चालत आलाय. चार पैसे! 'चार पैसे गाठीला बांध' म्हणतात ते हेच असावेत. तो निर्देशांक ज्या शहरांतल्या भावांवरून निघतो त्यांत बेळगावही आहे. म्हणजे कुणीतरी आपल्याच बाजारात जाऊन तूरडाळ, रॉकेल, चप्पल यांचे भाव लिहून नेतो आणि वर्षभराच्या त्या भावांतून १ एप्रिलचा आकडा येतो. बेंगळुरूतला साहेब फक्त गुणाकार करतो.

मी रांगेतच लिहिलं: 'इथं बेल्जियममध्ये जवळपास सगळ्यांचाच पगार महागाईच्या इंडेक्सला बांधलेला आहे, खासगीसुद्धा. दोनशे नंबरच्या कमिटीत, म्हणजे खासगी ऑफिसवाल्यांच्या पगारगटात, जानेवारी २०२३ ला एका फटक्यात ११.०८ टक्के वाढ झाली. मागायला लागलं नाही, साहेबाच्या केबिनमध्ये जायला लागलं नाही. कारखाने कुठं पळाले?' पाठवलं आणि बरं वाटलं. परदेशात राहणाऱ्याला असं बरं वाटण्याची एक सवय लागते. ती चांगली नाही हे माहीत असूनही लागते.

मित्राचं उत्तर लगेच आलं. 'तुझं काय जातंय रे तिकडं बसून बोलायला? वीज कितीला पडते माहिताय? पिग आयर्न?' विजेचं त्याचं खरं आहे. २०२३ च्या जूनमध्ये दर वाढले तेव्हा कर्नाटकातल्या कारखानदारांनी एक दिवस बंद पाळला होता. पण गंमत बघा, वीज वाढली की तो वीज मंडळाला 'मी तुम्हाला घरच्यासारखं मानतो' असं म्हणत नाही. बिल भरतो. घरचं नातं फक्त हेल्परशी.

आणि शिनोळी. बेळगावातून वेंगुर्ला रस्त्यानं अर्ध्या तासात चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. माझ्या आठवणीतल्या प्रत्येक औद्योगिक तक्रारीचा शेवट शिनोळीला होतो. पण तिथं काय आहे? तिथं त्याच भत्त्याला 'विशेष भत्ता' म्हणतात आणि तो वर्षातून एकदा नाही, दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. म्हणजे ज्याला टाळायला हा सीमा ओलांडणार, तो पलीकडं दोनदा भेटणार. 'जय महाराष्ट्र' लिहिणाऱ्यानं एवढं तरी बघायचं होतं. आम्ही १९५६ पासून कुठल्या राज्यात जायचं यावर भांडतोय, त्या राज्यात गेल्यावर हमालाच्या हातात काय पडणार हे कुणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही. सभेत नाही, मोर्चात नाही आणि काळ्या दिनाच्या फेरीत तर नाहीच. मी स्वतः पाच वेळा त्या फेरीत चाललोय. काळी फीत कशी बांधायची याच्यावर आमचा जीव.

मित्रानं मग कायदा काढला. सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये कर्नाटकाच्याच एका खटल्यात सांगितलंय की किमान वेतन हा एकच गठ्ठा आहे, मूळ पगार आणि भत्ता मिळून जो आकडा होतो त्यापेक्षा मालक जास्त देत असेल तर भत्ता वेगळा द्यायची सक्ती नाही. बरोबर आहे त्याचं. त्याचे सीएनसी ऑपरेटर त्या आकड्याच्या वर आहेत, त्यांना या सर्क्युलरनं काही फरक पडत नाही. पण मग ओरडतोस कुणासाठी? हेल्परसाठी. जो काठावर आहे त्याच्यासाठी.

काठावरच्या माणसाला तो आकडा काय असतो हे २०२० ला दिसलं. त्या वर्षीचा कपडा कारखान्यांतला व्हीडीए महिन्याला ४१७ रुपये होता. दिवसाला सोळा रुपये. कोविडचं कारण देऊन सरकारनं जुलैत तो वर्षभर पुढं ढकलला, सप्टेंबरात हायकोर्टानं त्या आदेशाला स्थगिती दिली, तरी पुष्कळ कारखान्यांनी दिला नाही. काही लाख शिलाई कामगार, बहुतेक बायका, सोळा रुपयांवाचून राहिल्या. शेवटी ओरड झाली ती युरोपात, कारण ते कपडे इथल्या दुकानांत टांगलेले होते, आणि २०२२ च्या सुरुवातीला थकबाकी द्यायला सुरुवात झाली. मी राहतो त्या लुव्हनच्या बोंडखेनोटेनलानमधून जाताना मी एका शर्टाची कॉलर उलटून बघितली होती. मेड इन इंडिया. मग शर्ट घेतलाही, सेल होता.

आता जे सांगायचं ते सोपं नाही.

माझी आई निपाणीत बिड्या वळायची. तंबाखूच्या वखारीत नाही, घरीच, दारात उजेडाला बसून. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला भिजवलेला पाला ओल्या फडक्यात. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, दोरा, नखानं तोंड दुमडायचं. हजारावर दर. संध्याकाळी मी टोपलं घेऊन तिच्याबरोबर कारखान्यात जायचो. तिथला तपासणारा माणूस बिडीचा जुडगा हातात घेऊन बघायचाही नाही, नुसता दाबायचा आणि पाचदहा काढून बाजूला टाकायचा. छाट. छाटाचे पैसे नाहीत, पण छाटातली बिडी वाया जाते असंही नाही, ती कुणीतरी ओढतोच. हे गणित मला चौथीतच कळलं होतं.

त्या भिंतीवर, तराजूच्या मागं, दरवर्षी एक कागद डकवलेला असायचा. कानडीत. वरच्या ओळीत ठळक 'तुट्टी भत्ये'. तो महागाई भत्त्याचा शब्द आहे हे मला आज माहीत आहे. तेव्हा ती नुसती गोल गोल अक्षरं होती. आम्ही मराठी शाळेत, आमच्या घरात कानडी अक्षर शिकणं म्हणजे सीमालढ्याशी गद्दारी, असं कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण वारं तसंच होतं. आई तर सहीच करायची, वाचायची नाही. त्या कागदावर हजाराचा दर काय होता आणि त्यावर भत्ता किती होता, आणि आईच्या हातात जे पडायचं त्यात तो होता की नव्हता, हे आम्हाला कधीच कळलं नाही. विचारलंच नाही. कानडीत तुट्टी म्हणजे महाग. मी बरीच वर्षं तो शब्द ऐकून मराठीतली तूट समजत होतो, आणि आमच्या घरापुरता तो अर्थ काही चूक नव्हता.

आणि इथं? इथं आल्यावर पहिल्या वर्षीच्या पगारपत्रकावर 'इंडेक्सेरिंग' हा शब्द दिसला. त्या संध्याकाळी मी शब्दकोश काढून तो लावला. पुढं इन्बुर्गेरिंगचा, म्हणजे इथल्या समाजात रुळायचा, वर्ग केला, डचची परीक्षा दिली, आता बेकरीत माझं डच ऐकून बाई इंग्लिशवर जात नाही याचा मला अभिमान आहे. वीस वर्षं कर्नाटकात काढून मला 'स्वल्प कन्नड बरतदे'च्या पुढं वाक्य येत नाही. लुव्हनमध्ये राहून मला हे जास्त टोचतं. या गावानं भाषेसाठी १९६८ ला विद्यापीठ चिरलं, फ्रेंचवाले दक्षिणेला जाऊन नवं गाव वसवून बसले, ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतली. सहकाऱ्यांना मी हे ऐकून हसत सांगतो, 'आमच्याकडंही असंच आहे.' असंच नाही. इंडेक्स त्यांनी दोन्ही भाषांत ठेवला. भाषेच्या सीमेच्या दोन्ही बाजूला तो एकाच दिवशी, एकाच आकड्यानं मोजला जातो.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं ते फक्त बेल्जियमचं कौतुक. आणि तेही निवडक. २०१५ मध्ये इथल्याच सरकारनं इंडेक्सची एक वाढ सरळ वगळली होती, दोन टक्क्यांची, ते मी गाळलं. १९९६ पासून इथं कायदा आहे की इंडेक्सच्या वर पगारवाढ किती, हे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सकडं बघून ठरवायचं, तेही गाळलं. म्हणजे इथल्या मालकालाही त्याची शिनोळी आहे. आणि इथल्या इंडेक्समध्ये १९९४ पासून तंबाखू, दारू आणि पेट्रोल-डिझेल धरतच नाहीत. आपल्याकडं पान-सुपारी-तंबाखूचा गट अजून आहे. बिडी महागली तर कुठल्यातरी हेल्परचा भत्ता केसभर वाढतो. आईला हे सांगितलं तर ती खूप हसेल.

रात्री मित्राचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

'गाळ्याचं भाडं एप्रिलपासून पाच टक्के वाढवून घालतो अकाउंटला. करारात आहे तसं.'

त्याचं मशीन शॉप ज्या गाळ्यात आहे तो गाळा माझा आहे. पुण्यात असताना घेतलेला, बचतीचा, 'गावात काहीतरी असावं' म्हणून. करारातलं पाच टक्क्यांचं कलम मीच घालून घेतलं होतं, वकिलाला फोन करून. वीज वाढो, पिग आयर्न वाढो, तो हेल्परला देवो न देवो, १ एप्रिलला माझं वाढतं. त्याला माझा निर्देशांक लागत नाही, पॉइंट लागत नाहीत, कुठल्या साहेबाची सही लागत नाही. इथल्या माझ्या घरमालकाचं पत्र येतं ना, वर्षाला एकदा, निर्देशांकाचं गणित मांडून, ते आलं की मी दोन दिवस धुसफुसतो. आमच्या घराचं ऊर्जेचं लेबल ई, म्हणजे खालच्या दर्जाचं, असल्यामुळं २०२२ च्या शेवटी त्याला एक वर्ष भाडं वाढवता आलं नाही, तेव्हा मी घरी बिर्याणी केली होती.

'राहू दे यंदा' असं लिहिलं. पुसलं. मग वाटलं, सोडून दिले तरी ते पैसे हेल्परपर्यंत पोचतीलच असं नाही, म्हणजे ठेवायला हरकत नाही. हे कारण इतकं पटकन सुचलं की मलाच त्याचा संशय आला.

त्याऐवजी विचारलं, 'सर्क्युलर गेटवर लावलंयस का?'

'लावलंय की. कायदाच आहे.'

'फोटो पाठव.'

आला. ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळट कागद, एका कोपऱ्याला ग्रीसचा अंगठा. कानडी. त्याच्याकडचे सहाजण ओडिशाचे आहेत, हे मला त्यानंच कधीतरी सांगितलं होतं. मी फोटो मोठा केला आणि वरची ओळ लावायला लागलो. त. त्याला उकार. ट खाली ट. एवढ्यात त्याचा पुढचा मेसेज: 'कशाला पाहिजे फोटो? तुला वाचता येतंय होय?'