आजोबांची नजर आणि टबावरचा मोबाइल

दादा,

माशांच्या हालचाली कॅमेऱ्याने मोजण्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आमचे आजोबा पाण्याकडे पाहून सांगायचे, खाली मरळ आहे की नाही. तुम्हाला त्यासाठी लॅपटॉप लागतो. माशाच्या मेंदूवरून माणसाचा मेंदू कळतो हे आम्हा मासेमार ढिवरांना तरी सांगू नका. यवतमाळात माणसं फवारणीनं मेली तेव्हा कुठे होते हे शास्त्रज्ञ?" मी हे तीनदा वाचलं. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही.

आजोबांचं तर खरंच आहे. मरळ पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा पुंजका पाण्याच्या वर वळवळताना दिसला की खाली आईबाप असणारच. भंडाऱ्यातल्या साकोलीकडच्या एका बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, मला हे एका म्हाताऱ्या ढिवरबाबांनी दाखवलं होतं. ते बोट दाखवेपर्यंत मला तिथे नुसतं पाणी दिसत होतं.

पण मासा कुठे आहे, हा त्या नजरेचा प्रश्न. मेंदूचा अभ्यास करणारे वेगळंच विचारतात. हा मासा दहा मिनिटांत किती वेळ कडेला राहिला? किती वेळा थबकला? कालच्यापेक्षा आज मंद आहे का? आम्ही शाळेत पांढऱ्या टबात दोन बोटं पाणी घेतलं, तलावातले सहा बारके मासे सोडले आणि वर स्टँडला मोबाइल बांधला. (मासे संध्याकाळी जिथले तिथे सोडले.) आधी तीन मुलींना एकाच माशावर लक्ष ठेवायला सांगितलं: तो कड सोडून मध्ये किती वेळा येतो ते मोजा. तिघींचे तीन आकडे आले. तिघीही प्रामाणिक होत्या. नजर हलत्या गोष्टीकडे ओढली जाते, कोपऱ्यात गप्प थांबलेला मासा कुणाच्याच वहीत आला नाही.

दहा मिनिटांच्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं धरली तर 18,000 चित्रं होतात, सहा माशांच्या 1,08,000 जागा. प्रोग्रॅम प्रत्येक चित्रातून रिकाम्या टबाचं चित्र वजा करतो, उरलेल्या काळ्या ठिपक्यांचे मध्यबिंदू काढतो आणि आधीच्या चित्रातल्या जवळच्या ठिपक्याशी जोडत जातो. थांबलेला मासाही त्यात तितक्याच नेमाने नोंदला जातो.

आता माझी चूक. "यंत्र चुकत नाही" असं मी त्या लेखात लिहिलं होतं. ते चुकीचं होतं, आणि तुमचा राग तिथे रास्त आहे. खिडकीचा उजेड पाण्यावर चमकला की आमच्या प्रोग्रॅमला सातवा मासा दिसायचा. दोन मासे एकमेकांवरून गेले की त्यांची नावं बदलायची आणि पुढचा सगळा हिशेब एकाचा दुसऱ्याच्या नावावर पडायचा. या अदलाबदलीवर संशोधकांनी वर्षानुवर्षं डोकं लावलं. 2014 मध्ये आयडीट्रॅकर नावाचा प्रोग्रॅम आला. तो प्रत्येक माशाची ठेवण ओळखून, गाठभेट झाल्यावरही कोण कोणता ते सांगतो. त्याचीच 2019 ची आवृत्ती शंभर प्राण्यांपर्यंत जाते. 2018 च्या डीपलॅबकट या प्रोग्रॅमचं मला विशेष वाटतं. डोकं कुठे, शेपटीचं टोक कुठे, हे आधी माणसाने दोनेकशे चित्रांवर खुणा करून दाखवायचं, मग यंत्र बाकीच्या हजारोंवर ते शोधतं. म्हणजे सुरुवातीला कुणाची तरी जाणती नजर लागतेच. तुमच्या आजोबांसारखी.

माणसाच्या मेंदूचं काय? मासा म्हणजे माणूस नव्हे, कबूल. पण प्रयोगशाळांत पाळल्या जाणाऱ्या झेब्रामाशाचा जनुकसंच 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या साधारण 70 टक्के जनुकांचे जोडीदार त्यात सापडले. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. आठवड्याचं पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं आणि काचेसारखं आरपार असतं. त्यामुळे जिवंतपणी पोहतानाच मेंदूतल्या कोणत्या पेशी पेटतात ते सूक्ष्मदर्शकातून पाहता येतं. मेंदूत काय झालं आणि शरीराने काय केलं, ही जोडी लावायची तर हालचालीचा हिशेबही तितकाच बारीक हवा. ताटलीला टकटक केली की पिल्लू साधारण दहा मिलिसेकंदांतच इंग्रजी सी अक्षरासारखं वळून पळू लागतं. माझा मोबाइल दर 33 मिलिसेकंदांनी एक चित्र घेतो, म्हणजे ते वळणं दोन चित्रांच्या मध्येच होऊन जातं. डोळ्यालाही ते सापडत नाही. म्हणून प्रयोगशाळेत सेकंदाला हजार चित्रं घेणारे कॅमेरे लावतात.

आणि यवतमाळ. 2017 मध्ये कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत. त्या वेळी माशांवरचं कुठलंही संशोधन त्यांच्या कामी आलं नाही, हे मी नाकारत नाही. पण हा विषय मी धरून बसलो तो त्याच मरणांमुळे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकं कोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. नसेने स्नायूला दिलेला इशारा मग थांबतच नाही. अंग थरथरतं, लाळ गळते, शेवटी श्वास अडतो. हेच विकर माशातही असतं. माशांवरची जुनी चाचणी 96 तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा शोधते, मेले किती तेवढंच मोजते. त्याहून कमी मात्रेत मासा मरत नाही, पण त्याचं पोहणं बिघडतं, दचकणं बदलतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात क्लोरपायरिफॉस हे त्याच जातीचं कीटकनाशक दिलेली झेब्रामाशाची पिलं मोठी झाल्यावरही जागा ओळखायला शिकण्यात मागे पडली. मेलेले मोजणाऱ्या चाचणीत हा फरक दिसलाच नसता.

धानाच्या बांधीत फवारलेलं औषध पावसाने बोडीत उतरतं. तिथले मासे जिवंत आहेत एवढ्यावर आपण निश्चिंत राहतो. ते कालच्यासारखेच पोहतात का, हे मला मोजायचं आहे.

"यंत्र चुकत नाही" हे वाक्य आज लेखातून काढलं. अदलाबदल झालेल्या जागांचे तुकडे मी कापून ठेवले आहेत. आजोबा असतील तर त्यांच्यासोबत, नाहीतर तुम्ही एकटे या. कोणता मासा कोणता, ते तुम्ही सांगा, प्रोग्रॅमचं उत्तर मी त्यानंतर उघडेन.